शास्त्रावर हात ठेवून दिलेला शब्द: निवडणुकीच्या तोंडावर एका मंडळीपुढचा पेच

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचं आहे. गाव, माणसं, पक्ष आणि निवडणुकीचं वर्ष मुद्दाम गाळलं आहे. काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. कमिटीच्या एका बैठकीला मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं, बाकीचं पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आणि कमिटीच्या सेक्रेटरींनी नंतर सविस्तर सांगितलं. लिहायला दोघांचीही संमती आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली ही जुनी मंडळी. मिशनच्या काळातलं दगडी देऊळ (चर्चच्या इमारतीला इथे देऊळच म्हणतात), बाजूला शाळा, गावाबाहेर कबरस्थान. मंडळीतली बरीचशी कुटुंबं देवळामागच्या वस्तीत राहतात. काही शिक्षक, काही नर्स, काही रोजंदारीवर जाणारे. तरुण मुलं पुण्या-मुंबईला कामाला.

कबरस्थानाला तीन बाजूंनी कुंपण नाही. पावसाळ्यात जनावरं आत शिरतात आणि शेजारचा बांध दर वर्षी थोडा आत सरकतो. ज्याची आई तिथे पुरलेली आहे त्याला ही गोष्ट किती लागते, ते वेगळं सांगायला नको. तहसीलदार कचेरीपासून नगरपरिषदेपर्यंत अर्ज देऊन झाले होते. प्रत्येक अर्जावर पोच मिळाली, काम झालं नाही.

विधानसभेची निवडणूक लागली की वस्तीत गाड्या येतात. कारण प्रत्येक उमेदवाराच्या वहीत "ख्रिस्ती मतं" अशी एक ओळ असते आणि ती एकगठ्ठा मिळतील असं गृहीत धरलेलं असतं. या हिशोबाचं मूळ जुनं आहे. ब्रिटिश काळातल्या 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ होते. पुढे संविधान सभेत हा विषय निघाला, तेव्हा सभेचे उपाध्यक्ष असलेले हरेंद्रकुमार मुखर्जी, जे स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, त्यांनी धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा सोडण्याची बाजू लावून धरली, आणि 1949 मध्ये तसा निर्णय झाला. ख्रिस्ती माणूस नागरिक म्हणून सर्वांच्या रांगेत उभा राहून मत देईल, हा त्यामागचा विश्वास होता. गठ्ठ्याची भाषा मात्र तालुक्याच्या पातळीवर टिकून राहिली, आणि खरं सांगायचं तर मंडळीतल्या काही पुढाऱ्यांनीही ती टिकवली.

पेच काय होता

मतदानाला तीन आठवडे उरले असताना एका उमेदवाराचा माणूस सेक्रेटरींच्या घरी आला. कबरस्थानाच्या कंपाउंडचं काम आमदार निधीतून करून देऊ, असा शब्द त्याने दिला. बदल्यात मागणी छोटी होती: रविवारच्या उपासनेनंतर भाऊंना पाच मिनिटं द्या, मतं मागणार नाहीत, नुसता आशीर्वाद घेतील. सेक्रेटरींनी "कमिटीसमोर ठेवतो" एवढंच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी वस्तीत चर्चा सुरू झाली की सेक्रेटरींनी होकार दिला आहे.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. संध्याकाळी काही घरांमध्ये पाकिटं पोचली. पाकीट (त्यात पैसे) देताना घरातलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मागवून घेतलं गेलं आणि त्यावर हात ठेवून "मत यांनाच" असं वदवून घेतलं. हे काम करणारा कार्यकर्ता मंडळीतलाच होता, म्हणून त्याला कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक होतं. लोक दिलेला शब्द पाळतातच असं नाही. शास्त्रावर हात ठेवलेला मात्र सहसा मोडत नाहीत.

पाळकसाहेबांना हे कळलं ते महिला मंडळातल्या एका विधवा बाईंकडून. बुधवारची प्रार्थना संपल्यावर त्या मागे थांबल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "साहेब, मी शब्द दिलाय. शास्त्रावर दिलाय. पण माझ्या मनातून दुसऱ्यालाच द्यायचंय. आता मी दुसरं बटण दाबलं तर पाप कोणाला?"

तिसरा धागा तुलनेने साधा होता. शास्त्राभ्यासाचा वर्ग घेणारे एक निवृत्त मास्तर तरुणांना सांगत होते की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, फिलिप्पैकरांस 3:20 वाचा आणि या घाणीत हात घालू नका. पाकिटांची बातमी पसरल्यावर त्यांच्या म्हणण्याला एकदम वजन आलं.

रविवारच्या पाच मिनिटांबद्दलचे पर्याय

कमिटीच्या बैठकीत पहिला सूर असा होता की पाच मिनिटांनी काय बिघडतं, कंपाउंड तर होईल. हा सूर लोभाचा नव्हता. बोलणारे गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आपल्या मुलाच्या कबरीवरची माती स्वतःच्या हाताने परत लोटून आले होते.

दुसरा पर्याय न्यायाचा वाटला: सगळ्याच उमेदवारांना बोलवा, प्रत्येकाला सारखा वेळ द्या. तिसरा, नाही म्हणा आणि गप्प बसा. चौथा, नाही म्हणा, पण मतदान, लाच आणि सदसद्विवेक या विषयांवर मंडळीशी स्वतः बोला.

कायदा काय सांगतो हे बैठकीत बहुतेकांना माहीत नव्हतं, म्हणून तो मुद्देसूद ठेवावा लागला. आदर्श आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की मशीद, चर्च, मंदिर किंवा कोणतंही प्रार्थनास्थळ प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरता येणार नाही. 1988 चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा तर संस्थेच्या चालकांनाच जबाबदार धरतो, आणि त्यात कैदेची तरतूद आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(3) प्रमाणे उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी धर्माच्या नावावर मत मागितलं, तर ते भ्रष्ट आचरण ठरतं आणि निवडणूक रद्द होऊ शकते. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा अर्थ आणखी रुंद केला: उमेदवाराचा धर्म तर आलाच, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेलं आवाहनही त्यात येतं. म्हणजे उमेदवार स्वतः ख्रिस्ती नसला तरी "ख्रिस्ती बांधवांनो, ख्रिस्ती म्हणून मला मत द्या" हे चालत नाही.

याच कायद्यातलं कलम 123(2) बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा खोली शांत झाली. मतदाराला दैवी कोपाची किंवा धार्मिक निंदेची भीती घालणं हा अनुचित प्रभाव आहे, असं ते म्हणतं. शास्त्रावर हात ठेवून वदवून घेणं याच्या किती जवळ जातं, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यांना बोलावण्याचा पर्याय इथेच बाद झाला, कारण जागा देवळाची आहे. माझ्या मते तो नुसत्या कायद्यामुळे बाद व्हायला नको होता. सगळे उमेदवार ओळीने वेदीपुढे आशीर्वाद घेऊन गेले असते, तर त्यात समानता आली असती. उपासनेचं काय झालं असतं, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

पाच मिनिटं द्यावीत म्हणणाऱ्या गृहस्थांनी शेवटी एकच प्रश्न विचारला: "मग कबरस्थानाचं काय?" याचं उत्तर कायद्याच्या कलमात मिळणार नव्हतं. तोडगा तरुण संघाच्या एका मुलीने सुचवला. एकच निवेदन, एकाच मजकुराचं, सर्व उमेदवारांना द्यायचं. मागणी लिहायची, मतांचा उल्लेखही करायचा नाही. सोबत सातबाऱ्याची प्रत आणि जुन्या अर्जांच्या पोचपावत्या जोडायच्या.

शपथेचा प्रश्न

या प्रकरणातला खरा अवघड निर्णय हा होता, आणि तो पाळकसाहेबांना एकट्याने घ्यायचा होता.

"अशी शपथ लागू होत नाही, मोकळ्या मनाने मत द्या" असं सांगून टाकणं सोपं होतं. सेक्रेटरींनी त्याला शास्त्रातूनच हरकत घेतली, आणि ती हरकत वजनदार होती. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोक खोटं बोलून इस्राएलाकडून शपथ घेतात. फसवणूक उघडी पडते, तरी इस्राएलाचे सरदार शपथ मोडत नाहीत. पंधराव्या स्तोत्रातही स्वतःचं नुकसान झालं तरी वचन न बदलणाऱ्याची प्रशंसा आहे. मग आपल्या बाईंनी दिलेला शब्द हलका कसा म्हणायचा?

पाळकसाहेबांनी दोन दिवस घेतले. त्यांचा विचार असा चालला. गिबोनी लोकांना दिलेली शपथ पाळल्याने माणसं जगली, मोडली असती तर रक्त सांडलं असतं. उलट मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोद राजा पाहुण्यांसमोर घेतलेली शपथ पाळतो आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं ताटात येतं. विजय मिळाला तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, हा आपला नवस इफ्ताहाने मोडला असता तर सामोरी आलेली त्याची लेक वाचली असती. आणि 1 शमुवेल 25 मध्ये नाबालाच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही अशी शपथ दावीद घेतो. अबीगईल वाटेत आडवी येते, आणि तो शपथ सोडून तर देतोच, वर तिला पाठवल्याबद्दल देवाचे आभार मानतो. वाईट करण्याची शपथ पाळल्याने चांगली होत नाही.

पण ती तोंडातून निघाली, शास्त्रावर हात ठेवून निघाली, त्याचं काय? इथे त्यांनी लेवीय 5:4 चा आधार घेतला. अविचाराने ओठांतून निघालेल्या शपथेचा दोष तिथे मान्य केलेला आहे, आणि त्यावरचा मार्ग कबुलीचा आहे. म्हणून त्यांनी बाईंना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. मत विकत देण्याचा शब्द तुम्हाला बांधत नाही, कारण विकायचा तो हक्कच नाही. देवाचं नाव मात्र पैशासाठी वापरलं गेलं, तुमच्या हाताखाली वापरलं गेलं, ते देवापुढे कबूल करा.

बाईंचा पुढचा प्रश्न होता, "आणि पैसे?" त्यातले निम्मे औषधांना गेले होते.

हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे पाळकसाहेबांनी नियम सांगितला नाही. परत देता आले तर द्या म्हणाले. ज्याने दिले तो रोज वस्तीत भेटणारा माणूस आहे, एकट्या बाईने पाकीट परत करणं म्हणजे त्याच्याशी उघड वैर घेणं आहे, हे त्यांना दिसत होतं. कमिटीतल्या कोणी सुचवलं की सगळ्यांनी पाकिटं देवळाच्या दानपेटीत टाकावीत. त्यांनी साफ नकार दिला. येशूला धरून देण्याबद्दल मिळालेली आणि यहूदाने टाकून दिलेली चांदीची नाणी मुख्य याजकांनीसुद्धा मंदिराच्या भांडारात घेतली नव्हती, आपण घेतली तर लाचेला वेदीवरून पावती दिल्यासारखं होईल, असं ते म्हणाले.

तक्रार करायची का, यावर कमिटीत मतभेद झाले. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर नाव न देता फोटो किंवा व्हिडिओ पाठवता येतो, आणि तक्रारीवर 100 मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं. पण लाच घेणाराही कायद्याने गुन्ह्यात येतो, आणि पुरावा म्हणजे वस्तीतलीच गरीब माणसं. कोणी तक्रार केली नाही.

प्रत्यक्षात काय केलं

उमेदवाराला सेक्रेटरींनी लेखी, नम्र नकार पाठवला आणि उपासनेला येऊन इतरांबरोबर बसायचं स्वागत कळवलं. भाऊ आले नाहीत.

मतदानाच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी उपदेश याच विषयावर झाला. "कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला" हे येशूचं वचन (कैसर म्हणजे रोमचा सम्राट) बहुतेक वेळा कर भरण्याशी जोडून सांगितलं जातं. पाळकसाहेबांनी उरलेल्या अर्ध्या भागावर भर दिला: नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून ते कैसराचं, माणसावर देवाची प्रतिमा आहे, म्हणून माणसाची सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या खिशात जाऊ शकत नाही. यिर्मयाच्या 29 व्या अध्यायाचीही आठवण त्यांनी दिली. बंदिवासात नेलेल्या लोकांना देव परक्या नगराचं हित शोधायला सांगतो, मग आपल्या गावाचं हित शोधणं तर आलंच. शेवटी त्यांनी मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचा दाखला दिला. 1774 च्या ऑक्टोबरमध्ये वेस्लीने आपल्या मंडळीतल्या मतदारांना तीन गोष्टी सांगितल्याची नोंद केली आहे: काही न घेता, जो सर्वांत लायक वाटेल त्याला मत द्या. ज्याच्या विरोधात दिलं त्याच्याबद्दल वाईट बोलू नका. आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांविषयी मन कडू होऊ देऊ नका. उमेदवाराचं, पक्षाचं, चिन्हाचं नाव उपदेशात एकदाही आलं नाही. पाकिटांचा विषय आला, पण कोणाच्या घराकडे बोट जाईल असा नाही.

उपदेशापेक्षा जास्त काम, माझ्या समजुतीने, महिला मंडळाच्या बैठकीने केलं. तिथे शाळेतल्या एका शिक्षिकेने पुठ्ठ्यावर मतदान यंत्र काढून दाखवलं. ती निवडणुकीच्या ड्युटीवर जाऊन आलेली होती. मत कोणाला दिलं ते कळतं, अशी धमकी कार्यकर्ते देतात. तिने सांगितलं की व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि आत पडते, तिच्यावर मतदाराचं नाव नसतं. नोटाचं (वरीलपैकी कोणीही नाही) बटण कुठे असतं तेही दाखवलं, 2013 पासून ती सोय आहे. एका आजीने विचारलं, "घरात चार मतं, ती आमचे हे ठरवतात, मग गुप्त कुठून?" यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि ते पुरुषांच्या कानावर गेलं नाही हे बरंच झालं.

मास्तरांशी पाळकसाहेब वेगळे बोलले. मतदानापासून दूर राहणारे विश्वासू लोक मंडळीच्या इतिहासात झाले आहेत. 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीतले (विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्यातले) ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा घेण्याचा आग्रह धरणारा ख्रिस्ती पंथ, राज्यकारभारात भाग घेणं नाकारत होते. उलट कॅथलिक धर्मशिक्षण मतदानाला नैतिक कर्तव्य म्हणतं, आणि त्याच चर्चने 1868 पासून अनेक दशकं इटलीतल्या कॅथलिकांना संसदेच्या निवडणुकीपासून लांब राहायला सांगितलं होतं. म्हणून मास्तरांनी स्वतः मत न देण्याला पाळकसाहेबांनी हरकत घेतली नाही. वर्गात ती मंडळीची शिकवण म्हणून सांगू नका, एवढीच विनंती केली. मास्तरांनी ती पाळली.

निष्पत्ती

मंडळीने कोणाला मत दिलं, हे कोणालाच माहीत नाही. तसंच असायला हवं होतं. मतदानाच्या संध्याकाळी त्या बाई पाळकसाहेबांच्या दारात आल्या, बोटावरची शाई दाखवली आणि सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मला सांगू नका, मावशी." त्या हसल्या आणि गेल्या.

काही पाकिटं परत गेली, बहुतेक गेली नाहीत. पाकिटं वाटणाऱ्या कार्यकर्त्याचं कुटुंब काही महिने उपासनेला आलं नाही. पाळकसाहेब त्यांच्या घरी जात राहिले, आता ते पुन्हा येतात, पण प्रभुभोजनाला (उपासनेतल्या पवित्र भाकरी-द्राक्षारसाला) त्या कार्यकर्त्याने अजून हात पुढे केलेला नाही.

निवेदनाला दोन उमेदवारांनी लेखी उत्तर दिलं. निवडून आलेल्या आमदारांना ते पुन्हा देण्यात आलं, जागेची सरकारी मोजणी झाली आणि बांध किती सरकला ते कागदावर आलं. भिंत अजून झालेली नाही. पाच मिनिटं दिली असती तर झाली असती, असं म्हणणारे मंडळीत आजही आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं आहे असं ठामपणे सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सेक्रेटरींनी उमेदवाराच्या माणसाला घरी एकट्याने भेटायला नको होतं. होकार दिल्याची अफवा तिथूनच उठली. आता कमिटीने ठराव केला आहे की निवडणूक काळात अशी भेट किमान दोन सभासदांसमोर, कचेरीत होईल आणि तिची नोंद राहील.

तक्रार न करण्याचा निर्णय मला समजतो, तरी तो अर्धवट राहिला असं वाटतं. वस्तीतल्या कोणाचं नाव न घेता, असे प्रकार चालू आहेत एवढं कमिटीच्या लेटरहेडवर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवता आलं असतं. त्याने भरारी पथकाची एखादी फेरी वस्तीत वाढली असती आणि एकट्या बाईवर येणारा दबाव थोडा संस्थेच्या खांद्यावर गेला असता.

शपथेबद्दलची शिकवण पाकिटं येऊन गेल्यावर दिली गेली. ती दृढीकरणाच्या (तरुणांना मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्याआधीच्या) वर्गात, निवडणूक नसतानाच्या वर्षी द्यायला हवी. कबरस्थानाची मागणीही तशीच. निवडणुकीबाहेर पाठपुरावा सतत चालू असता, तर कोणाला तिचा सौदा करायला जागाच उरली नसती.

आणि एक राहून गेलेली गोष्ट, जी मतदानाच्या दिवशीच उघडी पडली. पुण्याहून खास सुट्टी काढून आलेल्या काही तरुणांची नावं यादीत नव्हती. काहींनी कधी नाव नोंदवलंच नव्हतं, काहींचं वगळलं गेलं होतं. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आता आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्यांना वर्षभर थांबावं लागत नाही. तरुण संघाने ख्रिसमसच्या सुट्टीत, मुलं घरी असताना, फॉर्म 6 (नवीन नाव नोंदणी) आणि फॉर्म 8 (पत्ता बदल, दुरुस्ती) भरून घ्यायचं काम अंगावर घेतलं आहे. यादीची प्रत त्यांनी बीएलओकडून (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून) आणली असून घरोघरी नावं ताडून पाहणं सुरू आहे.